न सोडलेली ढील

शिडाच्या होडीची निगा कशी राखावी, हे मला कोणी विचारत नाही, तरी मी सांगू शकते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायची. दोर उन्हात टाकून ठेवायचे नाहीत. शीड ओलं असताना घडी घालायची नाही, बुरशी धरते. स्टीलच्या भागांना तेलाचा हात फिरवायचा. आणि हे सगळं नाशकात सातपूरच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये करायचं असेल, जिथून समुद्र टेम्पोने पाच तासांवर आहे, तर शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे चुकूनही बघायचं नाही.

मी बघायचे. मला राहवायचंच नाही.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची. ह्यांचा कारखाना बंद पडला. हे टूलरूममधले, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणारे, अठ्ठेचाळीस वर्षांचे, त्यातली सव्वीस एकाच मशीनसमोर काढलेली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माणसांशी भांडलेले. घर माझ्या शाळेच्या नोकरीवर चालत होतं, म्हणजे उपाशी मरायची वेळ आली नव्हती. पण हे पहाटे पावणेसहाला उठायचे, आंघोळ करायचे, मला म्हणायचे, "डबा भर." मी भरायचे. आणि तो डबा घेऊन हा माणूस गच्चीवर जाऊन बसायचा! बरोबर साडेदहाला उघडायचा, दोन घास खायचा, झाकण लावायचा. मी शाळेतून आले की अर्धा डबा तसाच. सात महिने. भाजी बदलून पाहिली, लोणचं बदलून पाहिलं.

सिन्नरच्या एका छोट्या वर्कशॉपवाल्याने दोनदा निरोप पाठवला, की या, तुमच्यासारखा माणूस हवाय. हे म्हणाले, "माझ्या हातचं काम आता कुणाला लागत नाही. कॉम्प्युटरवाली मशीन्स आलीत. त्याला माझी कीव येतेय." मी म्हटलं, "येऊ दे की कीव, काम तर करा!" तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे आधीही फारसे बोलत नव्हतेच, त्यामुळे शिक्षा झाल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मग एकदा रद्दीच्या दुकानातून हे एक जुनं परदेशी मासिक घेऊन आले. मधल्या पानांवर सोळा फुटी शिडाच्या होडीचा नकाशा होता. चहा निवला तरी ह्यांची मान वर होईना. रात्री जेवताना म्हणाले, "ही होडी मी करणार. समुद्रात नीट चालली, तर सिन्नरचं बघू."

झालं! त्या दिवसापासून माझ्या संसाराची सगळी भिस्त एका होडीवर. नाशकात. लोक गोदावरीच्या काठी राहतात ते काय होडी चालवायला? पण मी एक अक्षर बोलले नाही. माणूस तोंडाने "बघू" म्हणाला होता, ते सात महिन्यांत पहिल्यांदाच.

पुढचं वर्षभर पार्किंगमध्ये प्लायवुड, रंधा आणि चिकट वास. शीड शिवायला नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या ताडपत्रीवाल्याकडे गेलो. त्याने माप ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, असला त्रिकोणी ट्रक कुठं असतो?" समोरच्या काकू रोज संध्याकाळी फाटकाशी यायच्या. "काय हो, प्रलय जवळ आला का? आम्हालाही घ्या बरं का!" मी हसून म्हणायचे, "तुमचं वजन बघून सांगते." संबंध अजून तुटले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दोर बांधायच्या दोन खुंट्या, एक पुढे, एक मागे, ह्यांनी बाजारातून घेतल्या नाहीत. स्टीलच्या तुकड्यातून कानशीने घासून काढल्या, घरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडून. तीन आठवडे घरात कर्रकर्र. खाली जाड पट्टी, आरपार बोल्ट. मी विचारलं, "अहो, होडी बांधायचीय की हत्ती?" हे म्हणाले, "काम करायचं तर प्ले राहता कामा नये." प्ले म्हणजे दोन भागांतला ढिलेपणा. हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. दाराची कडी खुळखुळली की प्ले. मोलकरीण उशिरा आली की तिच्या कामात प्ले.

होडी पाण्याला लागायच्या आधीच ह्यांनी तिच्या देखभालीचा तक्ता करून फ्रीजवर लावला, कारखान्यात मशीनवर असतो तसा. दररोज, आठवड्याला, महिन्याला. "खारे पाणी धुणे – शनिवार." खाऱ्या पाण्याचा थेंब तिने पाहिलेला नव्हता, पण दर शनिवारी नळाला पाणी असेल त्या तासाभरात ती न्हाऊन निघायची आणि माझे कपडे भिजवलेले तसेच राहायचे. तक्त्याशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रकही आलं. मी पोळ्या लाटताना वाचायचे, की आज डहाणूला भरती किती वाजता. डोंबलाचा उपयोग, पण पाठ झालं होतं.

गंगापूर धरणावर दोनदा चाचणी झाली. होडी छान तरंगली. पण ह्यांचं समाधान नाही. "हे पाणी म्हणजे तळं. समुद्रात चालली तर खरी."

समुद्राची सोय लासलगावच्या एका टेम्पोवाल्याने केली. तो कांदा घेऊन डहाणूकडे जायचा आणि येताना सुकट आणायचा. तिथल्या एका कोळीवाड्यात त्याच्या ओळखीचं घर होतं; नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे, स्वतःची मोठी होडी असलेले. डिसेंबरात कारखान्यातल्या चार जुन्या सोबत्यांनी हात लावून होडी टेम्पोत चढवली, समोरच्या काकूंनीच नारळ फोडला, आणि आम्ही जव्हारचा घाट उतरलो. पोचलो तेव्हा होडीत कांद्याची सालं भरलेली. समुद्रात घालण्याआधी ह्यांनी ती झाडूने काढली.

आता किनाऱ्याकिनाऱ्याने होडी हाकण्याबद्दल. पहाटे काही खाऊ नका. लिंबू जवळ ठेवा. जमीन नजरेआड होऊ देऊ नका आणि नवऱ्याकडे बघू नका, कारण तो हसत असेल आणि तुम्हाला ते सहन होणार नाही. मी दोनदा ओकले. पण काय सांगू, शिडात वारा भरला आणि आमची पार्किंगमधली होडी अशी सुळकन निघाली, की माझ्या अंगावर काटा आला. एका टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. हे दोरी ओढत होते, सोडत होते, स्वतःशीच पुटपुटत होते. दीड वर्षांनी मी ह्यांना कामावर पाहत होते.

दुपारी बाराला, ऐन भरतीत, धक्क्याला लागलो. पाणी काठोकाठ. ह्यांनी दोन्ही दोर धक्क्यावरच्या कड्यांना बांधले. ताठ, घट्ट, वर दोन जादा गाठी. होडी जागची हलेना. "बघ," हे म्हणाले, "शून्य प्ले." आणि आम्ही जेवायला गेलो.

कोळणीने भाकरी-कालवण वाढलं. हे पोटभर बोलत होते, मी पोटभर ऐकत होते. मग मी जरा आडवी झाले. अडीचच्या सुमारास कोळीण भांडी आवरता आवरता म्हणाली, "दोराला ढील किती सोडलीस रे बाबा?"

हे ऐटीत म्हणाले, "अजिबात नाही!"

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "अगं आई गं," म्हणाली, आणि नवऱ्याला हाका मारत धावलीच.

आमच्या नाशकात पाणी दिवाळीपासून जूनपर्यंत हळूहळू उतरतं, आणि तेही रोज पेपरात टक्केवारी छापून, सगळ्यांना कळवून. एका जेवणात पाणी पायाखालून निघून जातं, हे आम्ही पोळ्या लाटताना पाठ केलं होतं. ह्यांच्या डोक्याला ते ठाऊक होतं. हातांना नव्हतं.

धक्क्यावरून वाकून पाहिलं. पाणी खाली गेलं होतं आणि आमची होडी दोन दोरांवर धक्क्याला लटकत होती, वाळत घातलेल्या सतरंजीसारखी. शीड, वल्ही, माझी चप्पल, सगळं एका बाजूला गोळा झालेलं. कर्र, कर्र आवाज. अर्धा कोळीवाडा जमला. कोणी हसत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा गच्चीवरचा. तोच. माझ्या मनात आलं, संपलं. आता ही होडी तुटेल आणि हा माणूस पुन्हा तिथे जाऊन बसेल तो कायमचा. मला इतका राग आला, ह्यांचा, समुद्राचा, त्या रद्दीवाल्याचा, की मी मोठ्याने रडायलाच लागले.

म्हाताऱ्या कोळ्याने कोणाचंच ऐकून घेतलं नाही. पोरांना सांगून मोठे दोर होडीच्या पोटाखालून घातले, दहा जणांनी भार पेलला, मग कोयत्याने आमच्या गाठी तोडल्या आणि होडी हळूहळू खाली पाण्यावर टेकवली. तो स्वतः उतरला. बराच वेळ आत वाकून काहीतरी चाचपत होता. हे वरून बघत होते.

"खुंट्या उपटून फळीसकट यायला हव्या होत्या," तो खालून ओरडला. "केसभर हलल्या नाहीत! कुठून आणल्यास?"

मीच नाक पुसून ओरडले, "ह्यांनी केल्या! हाताने!"

म्हातारा वर आला. ह्यांचा उजवा हात धरून उलटासुलटा पाहिला, बाजारात मासा पाहावा तसा. म्हणाला, "दोर बांधायची तुला अक्कल नाही. पण असल्या चार मला करून दे. माझ्या होडीच्या दर पावसाळ्यात निखळतात."

"चार?" हे म्हणाले.

"चार. घाई नाही. पण दे."

हे मान वळवून समुद्राकडे बघू लागले. मी तिकडे गेले नाही.

होडी त्यांच्याच अंगणात ठेवून आम्ही टेम्पोत सुकटीच्या पोत्यांना टेकून निघालो. घाट चढून झाला. मग हे म्हणाले, "चार म्हणजे कानशीने नाही व्हायचं. मशीन लागेल."

मी मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हटलं, "सिन्नरला आहे म्हणतात."

सोमवारी हे पावणेसहाला उठले, आंघोळ केली, म्हणाले, "डबा भर." मी भरला. भाजी थोडी सांडली. जिन्याशी जाऊन उभी राहिले. हे डबा घेऊन बाहेर आले, चपला घातल्या, आणि जिना न चढता फाटक उघडून एसटीच्या थांब्याकडे गेले.