जाते नाही म्हनू, बाई

आमच्या घराण्यातून भुताखेतांची कायमची हकालपट्टी झालेली आहे. नागपुरात वडिलांनी दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले आणि त्यांच्याबरोबर भुतंही गेली असं जाहीर केलं. भुतांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आई पुढेही तिन्हीसांजेला केर काढू देत नसे. का म्हणून विचारलं तर सांगायची, अंधारात सुई हरवते. थोडक्यात, आम्ही विज्ञाननिष्ठ होतो.

मी स्वतः टेलिफोन खात्यात. आवाज कुठून निघतो आणि कुठं पोचतो यावरच माझं पोट. या सदरातले वाचकांचे भुताटकीचे अनुभव मी आजवर चहाबरोबर बिस्किटासारखे खाल्ले. आज स्वतःचा लिहायला बसलोय... तर चहा गार होऊन गेला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. लखनऊत बदली झालेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. निशातगंजच्या बाजारामागे आमची एक खोली, खाली घरमालकीण – अम्माजी. लखनऊची तहजीब जगात अव्वल, असं मला निघताना साहेबांनी सांगितलं होतं. असेल. आमच्या वाट्याला अम्माजींची आली.

माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, गळ्यात काळे मणी होते, पण भांगात सिंदूर नाही. आमच्याकडे भरत नाहीत. अम्माजींच्या शास्त्रात सिंदूर नाही म्हणजे बाई एक तर विधवा, नाही तर पळवून आणलेली. "बहू, सच बताओ, ब्याह हुआ है ना?" – हे रोज नळावर. मग एकदा त्यांनी आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली. "अच्छा... तो आप लोग वो हैं." त्या दिवसापासून आमची बादली नळापासून लांब ठेवली जाऊ लागली. अतिशय अदबीनं. "आपकी बाल्टी उधर है भैया, बुरा न मानिएगा."

एका शनिवारी मी घरी आलो तर ट्रंक पलंगावर उघडी.

"काय करून राहिली?"

"भरून राहिली. मी जाते नागपूरला."

मराठी वाचकांना सांगायला नकोच. आपल्याकडे कोथिंबीर आणायला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते. 'जाते' हे क्रियापद आपण परत न येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. सुजातानं ते शांतपणे, ब्लाउजची घडी घालता घालता वापरलं.

"एक दिवस दे," मी म्हटलं. "उद्या रविवार आहे. शहर अम्माजींपेक्षा मोठं आहे, दाखवतो."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर मी स्वतः गाडीत बसवून देतो."

रविवारी सकाळी रिक्षानं निघालो. हिवाळ्याचं ऊन मात्र छान होतं. शहराच्या बाजूनं बोलायला तेवढा एकच साक्षीदार. हजरतगंजात एका रेस्तराँच्या केबिनकडे वळलो, तर वेटर आडवा आला. "ये फैमिली वालों के लिए है, साहब." नजर सुजाताच्या भांगावर. चौकात एका दुकानदारानं चिकनकारीचा कुर्ता उलगडला, आम्हाला आपसात बोलताना ऐकलं आणि परत घडी घातली. "मद्रास में इसकी कद्र नहीं होगी."

"आवडून राहिलं का शहर?" सुजातानं मला विचारलं.

उरली होती भूलभुलैया. इमारतीचं नाव लिहीत नाही. लखनऊ पाहिलेल्यांना कळेलच, न पाहिलेल्यांना गाइड सांगेल. आम्हाला सांगणारा गाइड अचकन घातलेला होता आणि प्रत्येक वाक्याआधी छाती भरून घेत होता. "हुजूर, यहाँ दूल्हा अंदर गया और बारात बाहर सूख गई!" जोडे काढून आम्ही त्याच्यामागे अरुंद जिने चढलो. वर भल्यामोठ्या दालनाच्या चारी बाजूंनी सज्जा आहे. या टोकाला काडी ओढली की पलीकडच्या टोकाला ऐकू येते. टेलिफोनवाल्याला याचं कौतुक नाही. पण गाइडनं मला एका टोकाला उभं केलं, सुजाताला दुसऱ्या टोकाला नेलं, आणि मला त्याचं ऐकू आलं, "मैडम, दीवार से मुँह लगाकर दिल की बात कहिए. साहब कान लगाए बैठे हैं." मग स्वतः सज्ज्याच्या मध्यावर येऊन विडी पेटवून उभा राहिला.

मी भिंतीला कान लावला. मग अगदी कानाशी, सुजाता: "आज पाहून झालं सगळं. मी जाते."

आणि लगेच दुसरा आवाज. म्हातारीचा. नागपूरच्या आमच्याच मोहल्ल्यातला, 'ण'चा 'न' करणारा, जरा दटावणारा:

"जाते नाही म्हनू, बाई. येते म्हनावं."

आता चांगल्या घरच्या मराठी मुलीला असं दटावल्यावर ती काय करणार? सुजाता चटकन म्हणाली, "येते."

"ये मंग," आवाज म्हणाला.

मी मान वर केली. पलीकडच्या टोकाला सुजाता नव्हती.

मी सज्ज्यावरून धावलो. ती उभी होती तिथल्या कमानीतून बोळ आत गेला होता. अंधार, मग वळण, मग उजेड. उजेडात सुजाता, पाठमोरी. तिच्यापुढे बोळ संपत होता आणि नुसती उघडी कमान होती. खाली लांबवर अंगण, त्यात मुंगीएवढी माणसं. तिनं एक पाय उचललेला होता. माझ्या हाती आधी पदर आला, मग दंड.

"सोडा ना!" ती चिडली. "बाई बोलावून राहिल्या."

"कोणत्या बाई?"

"ह्या काय, पुढंच तर..." असं म्हणून तिनं खाली पाहिलं आणि मटकन बसली.

तेव्हा आवाज पुन्हा आला. या खेपेला दोघांनीही ऐकला. मघाची मायेची दटावणी त्यात नव्हती.

"येते म्हनाली ना?"

मी तिला ओढतच मागं आणलं. गाइड बोळाच्या तोंडाशी लालबुंद होऊन उभा. "ये क्या तमाशा है? मियां-बीवी के झगड़े घर पे कीजिए!"

त्या दिवशी आम्हाला नवरा-बायको मानणारा तो पहिला माणूस.

मी विचारलं, वर कुणी मराठी बाई आहेत का, म्हाताऱ्या? तो म्हणाला, "आज मद्रासी बस आप ही लोग हैं."

घरी येताना रिक्षात मी खुलासे करत होतो. खात्यात याला क्रॉस टॉक म्हणतात. एका लाइनीतलं बोलणं दुसरीत शिरतं. सुजाता म्हणाली, "मग दुसरी लाइन कोणाची होती?" ती नागपुरी म्हातारी तिथं कुठून आली, आधी उपकार करून मग वैर का धरलं, आमच्याशीच का – मी पुष्कळ वाचलं, काहीही हाती लागलं नाही. प्रतिध्वनी आपलंच वाक्य परत देतो. दुरुस्त करून देत नाही.

रात्री तिनं ट्रंक रिकामी केली.

"म्हणजे राहणार?" मी विचारलं.

"जाऊ कशी? घरातून निघताना काय म्हणून निघू? येते म्हटलं की ते ऐकते. जाते म्हटलं की तेही ऐकते."

अशा रीतीनं माझा संसार वाचला. शहराचा त्यात काही हात नव्हता.

दोन-तीन दिवस ती उंबऱ्याशी अडायची, सब्जी आणायलासुद्धा निघेना. मग एका सकाळी पिशवी घेतली, क्षणभर थांबली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "अच्छा, चलती हूँ." येणं नाही, जाणं नाही. थोडा वेळ आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. काही आवाज आला नाही. नळावरून अम्माजी तेवढ्या म्हणाल्या, "हाँ हाँ, चलो."

पुढं वर्षानुवर्षं तेच. आमची पोरंही तेच म्हणत मोठी झाली; नागपूरच्या आजोळाहून निघतानासुद्धा उंबऱ्यात उभं राहून, "चलते हैं."

नागपूरचे नातेवाईक म्हणतात, लखनऊला राहून सुजाताचं मराठी बिघडलं.