नानांच्या गच्चीवरची लढाई

धुळ्याच्या आमच्या कचेरीत फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर. त्यामुळे शिपाई "तुमचा फोन" म्हणत आला की काहीतरी वाईटच बातमी असते. गेल्या महिन्यात तो तसा आला. जळगावहून नानांचे शेजारी बोलत होते. "सुभेदार नाना गेले. सकाळी गच्चीवरून खाली आले, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले..." मी फक्त "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर जे पहिल्यांदा मनात आलं ते लिहायची लाज वाटते, पण आज तेच लिहायला बसलोय. दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता नाना मला काही विचारणार नव्हते.

सुभेदार विठ्ठल नाना बोरसे फौजेतून निवृत्त होऊन जळगावात राहायला आले, तेव्हा मी तिथल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. एक दिवस हा ताठ मानेचा, पांढऱ्या मिशांचा माणूस थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "टेकडीचा चढ कागदावर दाखवता येतो ना तुला? मग रविवारी सकाळी घरी ये. लढाई आहे." मला वाटलं, भाऊबंदकीचं प्रकरण असणार, बांधावरून वाजलं असेल. गेलो तर गच्चीवर दोन पलंगांएवढा लाकडी ट्रे. त्यात गिरणा नदीची ओली वाळू, वाळूच्या टेकड्या, निळ्या दोऱ्याचा नाला, काड्यापेट्यांची ठाणी. तुरीचे दाणे म्हणजे आपली पलटण, हरभऱ्याचे म्हणजे शत्रूची. भोवती नानांचे तीन-चार जुने फौजी दोस्त, पैकी दोघे वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलेले, आणि सगळे असे गंभीर की हसायची सोय नाही. एका बाजूची चाल चालू असताना दुसऱ्या बाजूने खाली स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, हा नियम. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्या शत्रूला भरीत-भाकरी वाढायच्या आणि वर काय शिजतंय ते हळूच सांगूनही टाकायच्या. नाना कायम हरभऱ्याच्या बाजूने खेळायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "आपल्या बाजूनं कोणीही लढेल. समोरच्याच्या डोक्यात शिरायला कोणी तयार नसतं."

माझ्याकडे मामांनी दिलेला चावीचा, आठ एमएमचा सिनेमा काढायचा कॅमेरा होता. तो कळल्यावर नानांच्या अंगात आलं. मग लढायांचे सिनेमे निघू लागले. दाणा तसूभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. सायकलच्या पंपाने राख उडवली की तोफगोळा फुटायचा. एकदा आम्ही सगळे चहाला खाली गेलो असताना साळुंकी पाखरांनी शत्रूची अख्खी तुकडी खाऊन टाकली, तेव्हा नाना पाच मिनिटं नुसते खो खो हसत होते. चार मिनिटांचं रीळ पोस्टाने मुंबईला धुवायला जायचं, महिन्याने परत यायचं, आणि मग भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही ते भिंतीवर बघायचो. एवढ्या लढाया झाल्या, पण एक लढाई नानांनी कधी मांडू दिली नाही. एकाहत्तरला एका टेकडीवरून त्यांनी आपल्या तुकडीला नाल्याच्या वाटेने माघार घ्यायला लावली होती. त्या नाल्यात सुरुंग होते. हवालदार दगडू अहिरेंचा डावा पाय तिथे गेला. दगडूभाऊ पिंपळनेरला राहायचे, जळगावहून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, पण नाना त्यांना कधी भेटायला गेले नाहीत. दिवाळीला कार्ड पाठवायचे, बस.

पुढे व्हिडिओ आला आणि आठ एमएमची रिळं मिळेनाशी झाली. नानांनी कोणाकोणाला सांगून एक रीळ मिळवलं आणि माझ्याकडे आणून दिलं, कारण रीळ थंडाव्यात टिकतं आणि फ्रिज माझ्या घरी होता. "वसंता, हे शेवटचंच समज. जपून ठेव." मी ते लोण्याच्या डब्यामागे ठेवलं. आणि दोन महिन्यांनी रावेरला भाचीच्या साखरपुड्यात सगळंच्या सगळं वापरून टाकलं. बहीण म्हणाली कॅमेरा आण, मला नाही म्हणवलं नाही. मनात म्हटलं, नानांसाठी दुसरं मागवू. मागवू मागवू म्हणत राहून गेलं.

आणि एका रविवारी सकाळी निरोप आला, "दगडू आलाय. कॅमेरा घेऊन ये." दगडूभाऊ आपणहून आले होते, लाकडी पाय आणि काठी सांभाळत गच्चीचा जिना चढून. मी रिकामा कॅमेरा घेऊन गेलो. वाटलं, नेहमीचाच खेळ असेल, नुसती घरघर केली तरी कोणाला कळणार आहे? पुढच्या खेपेला खरं रीळ घालू. वर जाऊन बघतो तर ट्रेमध्ये तीच टेकडी, तोच नाला. दगडूभाऊंनी ती मांडायला लावली होती, आणि आपली बाजू स्वतःकडे घेतली होती. नाना शत्रू, आणि त्या दिवशी खाली कोणी गेलं नाही. चाली होत गेल्या, हरभऱ्याने टेकडीला तिन्हीकडून वेढलं. दगडूभाऊंनी क्षणभर वाळूकडे पाहिलं, चिठ्ठीवर हुकूम लिहिला आणि नानांपुढे सरकवला. नानांनी तो मोठ्याने वाचला. "माघार. नाल्याच्या वाटेने." तोच हुकूम, शब्दन् शब्द. 

दगडूभाऊ म्हणाले, "साहेब, तुमनी चूक नही व्हती. तुम्हीन आमले मांगे बलायं म्हणीसन आम्ही बठ्ठा वाचनूत. मना पाय गया... पन मी ऱ्हायनू ना!"

तुकडीतले सगळे वाचले ते त्या माघारीमुळेच, हे ऐकताना नाना रडत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता त्यांनी मला हाताने खूण केली, घे, घे, त्याचा चेहरा घे. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि चावी दिली. तो रिकामाच फिरत राहिला. चावी संपली, मी पुन्हा दिली. त्या वेळी "नाना, रीळ नाही" एवढं बोललो असतो तर काय बिघडणार होतं? रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या. पण नाही बोललो.

पुढची दोन वर्षं मी खोटं बोललो. आधी रीळ पाठवायचंय, मग पाठवलंय, मग लॅबला पत्र लिहिलंय. नाना दर रविवारी शांतपणे विचारायचे, "वसंता, रिळाचं काही?" मग दगडूभाऊ गेले. पिंपळनेरहून परतताना नाना सरळ माझ्या घरी आले. त्या दिवशीही त्यांनी तेवढंच विचारलं आणि मी म्हणालो, "नाना, धुताना खराब झालं." त्यांनी चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली आणि उठून गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. मी रविवार चुकवायला लागलो. धुळ्याला बदली झाली, तीही मीच अर्ज करून घेतलेली. कारण मात्र आईच्या तब्येतीचं सांगितलं.

तेराव्यानंतर अक्कांना भेटायला गेलो. त्यांच्यासमोर बसलो आणि एकदम सगळं बोलून टाकलं. फ्रिज, रावेर, रिकामा कॅमेरा... सगळं. अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं रे."

मी 'पाठवलंय' म्हटल्यावर नानांनीच लॅबला पत्र घातलं होतं. अशा नावाचं पार्सल आमच्याकडे आलेलंच नाही, असं उत्तर महिन्याभरात आलं होतं. म्हणजे पुढचे सगळे रविवार नाना मला जे विचारत होते, ते सगळं माहीत असून.

"मी म्हणायचे, एकदा त्याला सरळ विचारा ना," अक्का सांगत होत्या. "तर म्हणायचे, 'दगडूसमोर उभं राहायला मला अठरा वर्षांत जमलं नाही. शेवटी तोच एका पायानं जिना चढून आला. वसंताला थोडा वेळ लागेल. येईल तो.'" अक्का उठता उठता म्हणाल्या, "अगदी परवापरवापर्यंत म्हणत होते, येईल तो."

मला तिथे बसवेना. मी गच्चीवर गेलो. रविवारच होता. ट्रेमधली वाळू ओली होती. अक्कांनी सकाळीच पाणी मारलं होतं, खेळायला कोणी येणार नाही हे ठाऊक असून. नानांच्या बाजूची खुर्ची जागेवर होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, कॅमेऱ्यात रीळ नव्हतं." आवाज बरा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई वळून पाहायला लागली. मग खालून अक्कांनी चहाला हाक मारली, आणि मी जिना उतरून आलो.