वाणात गेलेली यादी

त्या वर्षी मी पाच पुस्तकं लिहिणार होते. आज सांगताना मला स्वतःलाच घाम फुटतो, पण तेव्हा अजिबात फुटला नव्हता. माझी पहिली कादंबरी मी स्वतःच छापून घेतली होती, तिच्या पेट्या भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये येऊन दिवाणाखाली बसल्या होत्या, आणि पुस्तकाच्या कण्यावर आपलं नाव पाहिलं की माणसाचं जे होतं ते माझं झालं होतं. मी पोळ्या लाटताना एकटीच हसायचे. सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, वर्षाच्या कामांचा विचार करतेय.

माझा विचार म्हणजे यादीच. मी कारखान्यात नियोजन विभागात होते. कोणतं यंत्र कोणत्या महिन्यात कोणत्या शॉपमधून बाहेर पडणार, त्याचे तक्ते करणं हे माझं रोजचं काम. तसाच तक्ता मी लेखनाचा केला. काम, आरंभ, समाप्ती, अडचणी, जबाबदार व्यक्ती असे पाच रकाने. शेवटच्या रकान्यात पाचही वेळा ‘मी’. जानेवारी ते जून एक मोठी कादंबरी. जुलैत कारखान्याच्या कँटीनमध्ये घडणारी रहस्यकथा, जिच्यात खून नाही, फक्त तिसऱ्या पाळीचे समोसे रोज कमी भरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या तलावातल्या कासवाच्या गोष्टी, लहान मुलांसाठी. ऑक्टोबरात हलकेफुलके लेख, कारण त्या महिन्यात घराची सफाई असते. आणि वर्षअखेर पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती, कारण पहिलीत नायिकेचे वडील सत्तराव्या पानावर वारतात आणि एकशेदहाव्या पानावर भाजी आणतात. अडचणींच्या रकान्यात मी ‘मार्चअखेर’, ‘मुलीची बारावी’ आणि ‘चकल्या’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे आडवं येण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

हा तक्ता मी माझ्या स्वतःच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिला होता. त्या प्रतीत मी लाल पेनाने चुका दुरुस्त करत होते, त्यामुळे ती रोज हातात असायची. एरवी ती कपाटात, टॉवेलांच्या वर.

आता पहिल्या कामाबद्दल. तिथे मी असं लिहिलं होतं: ‘शेजारचे काकू-काका. सहा वर्षांचा अबोला. काकूंना विचारायचं का? नको. क्वार्टरचा नंबर बदलला की झालं.’

या काकू चौदा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या. काका निवृत्त झाल्यावर ती दोघं अवधपुरीत स्वतःच्या घरात गेली. भोपाळमध्ये मी नवी होते तेव्हा गॅसच्या नंबरापासून मुलीच्या पहिल्या तापापर्यंत सगळ्याला मी त्यांच्याच दारात उभी. एका उन्हाळ्यात अंगणात कुरडया घालताना त्यांनी मला सांगितलं की लग्नानंतर काही वर्षांनी ती दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती. एकाच क्वार्टरमध्ये, दोन मुलं वाढवत. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावायची. ‘दूध नासलं.’ ‘गाडी मंगळवारची.’ भिंतीपलीकडून कधी भांडण ऐकू येत नाही म्हणून अख्खी कॉलनी त्यांना आदर्श जोडपं समजायची. हे कोणाला सांगू नकोस हं, काकू म्हणाल्या होत्या. मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त त्यावर तीनशे पानांची कादंबरी लिहायची ठरवली.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू वाण म्हणून द्यायची असते, आणि आमच्या टाउनशिपमध्ये प्रत्येकीकडे चहाच्या गाळण्या एवढ्या साठल्या होत्या की सहा महिने रोज नवी वापरावी. मी व्यवहारी बाई. यंदा वाण म्हणून कादंबरी द्यायची ठरवली. पेटी हलकी होईल आणि वाचक वाढतील. एक पेटी बाहेर काढून ठेवली, पाहुण्यांची यादी केली, आणि प्रत दिली की नावापुढे खूण करत गेले. मधे मसाला दूध उतू जाईल म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तेवढा वेळ वाण सासूबाईंनी दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्यापूर्वी एक चूक टिपायला कपाट उघडलं, तर टॉवेलांच्या वर काही नव्हतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या की शेवटच्या बाईला प्रत कमी पडली. दुसरी पेटी दिवाणाखाली होती आणि दिवाणावर तीन बायका बसल्या होत्या. त्यांना उठवायचं कसं. म्हणून कपाटातली दिली.

“सवाष्णीला रिकाम्या हाताने पाठवू का?”

मी विचारलं, कोणाला दिलीत. सासूबाई नागपूरहून आमच्याकडे राहायला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांना नावं माहीत नव्हती. त्यांनी आठवून आठवून सांगितलं, “काळी साडी होती बघ.”

संक्रांतीला. घरात आलेली प्रत्येक बाई काळ्या साडीत होती. मी स्वतः काळ्या साडीत होते.

पण यादी करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. माझ्या कागदावर खूण नसलेली तीनच नावं होती. दोन बरखेड्यातलीच. तिसरं नाव अवधपुरीच्या काकूंचं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी एक नवी प्रत पिशवीत घातली, तुमच्या प्रतीत एक पान खराब छापलंय असं कारण ठरवलं आणि स्कूटी काढली. अवधपुरी शेवटी ठेवली. पेट्रोल वाचतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्या घरी माझी कादंबरी वाणाच्या पिशवीत होती, दोन गाळण्या आणि एका साबणाच्या डबीसोबत. त्या वहिनी प्रामाणिक. म्हणाल्या की रथसप्तमीपर्यंत त्यांच्याकडेही हळदीकुंकू आहे, तेव्हा पुढे देऊन टाकणार होत्या. शेवटचं पान कोरं होतं. मी तीळगूळ खाऊन निघाले. राग यायला हवा होता, पण हसूच येत होतं: माझं पुस्तक साबणाच्या डबीच्या बरोबरीने फिरतीवर होतं.

दुसऱ्या घरी दार उघडताच ताईंनी माझा हात धरला. “आधी हे सांग, तिची बदली झाशीला होते की नाही? मी पंचावन्नाव्या पानावर आहे, भाजी जळली आज.” मी तिथे अर्धा तास उभी होते. बदली होते की नाही ते सांगितलं नाही, पण बाकी बरंच बोलले. जिन्यावर आल्यावर लक्षात आलं की शेवटचं पान बघायचंच राहिलं. पुन्हा वर गेले. कोरं. खाली आले ती दोन दोन पायऱ्या गाळत. मला एक वाचक होती, आणि तिची भाजी जळली होती.

अवधपुरीचं फाटक दिसलं तेव्हा मात्र मी स्कूटी हळू केली. काकू दुरावल्या म्हणजे भोपाळमधलं माझं माहेर गेलं. कादंबरी तर गेलीच.

काका ओसरीत शाल पांघरून बसले होते. मांडीवर माझी प्रत, शेवटून उघडलेली. ते आयुष्यभर तपासणी विभागात होते. कुठलाही अहवाल शेवटच्या पानावरून वाचायचे, कारण शेरा आणि सही तिथे असते. काकू पायरीवर मटार सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

माफी मागायची म्हणून मी वाटेत तीन मुद्दे तयार केले होते. एकही आठवला नाही. “चुकलं माझं, काकू,” एवढंच म्हटलं.

“‘नको’च्या खाली दोन रेघा मारल्यास,” काकू मटारांना म्हणाल्या.

त्यांनी पुढची शेंग फोडली. मला वाटलं, आता या घरात पुन्हा चिठ्ठ्या सुरू होणार, आणि या खेपेला जबाबदार व्यक्ती खरंच मी.

तेवढ्यात काका म्हणाले, “सहा वर्षं चूक आहे. पाच वर्षं, चार महिने.”

“सहा,” काकू म्हणाल्या. “साइटवर होतात ते आठ महिने तुम्ही धरतच नाही.”

“साइटवर असताना बोलणार कोणाशी?”

“तेच तर म्हणतेय.”

हे काल संध्याकाळपासून चालू होतं, हे मला तेव्हा कळलं. काकांनी यादी वाचली, काकूंना विचारलं, आणि तेव्हापासून दोघं थांबलेली नव्हती. मग काकांनी चष्मा काढला आणि कारण सांगितलं. काकूंना शाळेत नोकरी लागली होती. नियुक्तीचं पत्र आलं तेव्हा त्या बाळंतपणाला माहेरी होत्या. काकांनी त्यांना न विचारता नकार कळवून टाकला. “मला वाटलं, मी सोय करतोय,” ते म्हणाले. “हे तुझ्या पुस्तकात नीट यायला हवं. उगाच एखादी सासू वगैरे घालू नकोस मधे.”

काकूंनी सालांची परात बाजूला ठेवली. “तुम्ही दोघं सारखेच. माझं काय करायचं ते ठरवायचं, आणि मला विचारायचं नाही.” मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “आता विचार.”

मी विचारलं. काकू, तुमच्यावर कादंबरी लिहू का. चाळिशी ओलांडलेली बाई मी, आवाज शाळेतल्या मुलीसारखा आला.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण जूनपर्यंत होणार नाही. माझंच सांगून संपायचं नाही तोवर. बाकीची चार काढून टाक.”

काकांनी लगेच पेन पुढे केलं. मी तिथल्या तिथे समोसे, कासव, लेख आणि दुसरी आवृत्ती, चारही ओळी खोडल्या. एरवी एक काम पुढे ढकललं तरी मला जेवण जात नाही. त्या संध्याकाळी चार कामं रद्द करून मी मटारची उसळ दोनदा मागून घेतली. मंगळवारी काकांनी सांगायचं, गुरुवारी काकूंनी, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकवायचं नाही, असं ठरलं.

काकू फाटकापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “आधी कोण बोललं, हे यांना विचारू नकोस. यांना वाटतं, तेच.”

“मग कोण?”

“मीच गं. पोळी तव्यावर आणि गॅस गेला. चिठ्ठी कधी लिहू? ‘अहो, सिलिंडर संपलं’ म्हणून हाक मारली.”

“मग काका काय म्हणाले?”

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरेपर्यंत त्यांना फाटक धरून उभं राहावं लागलं. “सहा वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांनी. म्हणे, ‘भरलेलं मोरीमागे आहे.’”

अवधपुरीपासून बरखेड्यापर्यंत मी ते वाक्य मोठ्याने म्हणत स्कूटी चालवली. चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं, तेव्हा त्यालाही सांगितलं.