आखाजीची करमणूक

मला कीर्तनात झोप येते. प्रकाशा गावच्या यात्रेत तंबूतला बायस्कोप आला तेव्हा सगळं गाव गाड्या जुंपून गेलं, मीही गेले. नुसती तोंडं हलवणारी माणसं बघायला पैसे कशाला मोडायचे? तसा नवरा माझ्या घरी होताच. मारवाड्याच्या दुकानातला फोनोही ऐकला. कुणीतरी बाई नाकातून गात होती. मला करमणूक म्हणून आवडायची ती एकच, आखाजीची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. गौराई बोळवायच्या दिवशी दोन आळ्यांच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि गाण्यांतून एकमेकींची लक्तरं काढतात. ज्या काठाला उत्तर सुचत नाही, तो हरला. त्या दिवशीचं बोलणं कुणी घरी न्यायचं नाही, अशी चाल. माझा गळा मोठा आणि जीभ त्याहून मोठी, म्हणून आमची आळी मला पुढे करायची. एका वर्षी ऐन रंगात मी घसरून नाल्यात पडले. समोरच्या बायका खिदळल्या ते मी वर्षभर विसरले नाही. सासरी भाकरी थापतानासुद्धा गाणी जुळवत होते.

समोरच्या आळीत माझ्याच वयाची एक होती. दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. नवऱ्याने टाकली अशी कुजबुज होती. तिची आई मात्र आजारपण सांगायची. पुढच्या आखाजीला मी तेच धरलं, दिवाळीला आली ती आखाजी आली तरी धनी न्यायला येईना:

“दिवाईले उनी, आखाजी उनी,
धनी रस्ता भुलना वं माय!”

आमच्या बायका हसून लोळल्या. समोरच्या काठावर पांढऱ्या पागोट्याचा एक परका म्हातारा बसला होता. नवा ऐकणारा मिळाला म्हणून मी आवाज आणखी चढवला. तो उठला, गाडी जुंपली आणि निघाला.

तिची आई लुगडं भिजवत नाला ओलांडून माझ्याकडे आली. धापा टाकत तिने सांगितलं ते एवढंच, की तो पोरीचा सासरा. गुजरातेकडचा, तिकडे ही चाल नाही. गावात बोभाटा झाला नसेल तरच सून नेईन, असं कबूल करून तो न्यायला आला होता.

“वं माय, पय ना! त्यासले सांग, आखाजीनं गानं शे, खरं नई!”

मी गाडीमागे पळत जावं म्हणून ती विनवत होती. गाडीचं चाक वाळूत रुतलं होतं. हाकेच्या अंतरावर होती. मी गेले असते तर त्याने ऐकलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण आमच्या बायका मला जिंकल्याचं कुंकू लावत होत्या, आणि मनाला कशाला लावून घेतेस अशा सुरात मी तिला म्हटलं, “आखाजीमा कोनी वाईट मानस का?” तेवढ्यात चाक निघालं आणि गाडी गेली.

पोर माहेरीच राहिली. मला लाज वाटली, सासरी वर्षभर वाटत होती. मग पुन्हा आखाजी आली. बायका म्हणाल्या, “तेच म्हन ना.” समोर ती पोर आईच्या मागे उभी होती. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ते मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं.

तिकडून उत्तर आलं नाही. त्याही वर्षी आम्हीच जिंकलो.