आधी चांगलं द्यायचं

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्या घरी मासे-मटण बंद. एक आमटी नाहीतर एक भाजी, आणि भात. नियम बायकोचा. कपड्यांचाही तिचाच. त्या दिवसांत दर रविवारी कपाटातला एक कपडा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन गाठोड्यात टाकायचा. गाठोडं पुढे गरजवंतांकडे जायचं. विटकं, फाटकं तिला चालत नसे. "त्याचं पोतेरं करा. प्रभूच्या नावाने द्यायचं तर आधी चांगलं द्यायचं, अजून घालावंसं वाटतं ते." माझा एक बरा शर्ट तिने असाच घालवला, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

ती जाऊन दीड वर्ष झालं. मी चौथी शिकलेला, आधी गिरणीत, मग परळला वॉचमन. चुलीपाशी कधी गेलो नाही. लालबागहून मसाला कुटून ती आणायची, डबा अजून अर्धा आहे, पण तो कशात किती घालायचा ते मला माहीत नाही. डाळ-भात तेवढा शिकलो आणि तोच खात राहिलो. ईस्टर आला, गेला, माझा डाळ-भात चालूच. कपडेही देऊन टाकले. दोन शर्ट, दोन पँट ठेवल्या. देवळात लोक म्हणायचे, काका किती साधे राहतात. ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

शेजारची मालवणी बाई एकदा बांगड्याचं कालवण घेऊन आली. म्हटलं, नको, मी साधं खातो.

"साधा? दुसरा काय रांधूक येता तुमका?" म्हणाली आणि वाटी ठेवून गेली.

खाल्लं मी ते.

यंदा ते चाळीस दिवस लागले. पहिल्या शनिवारी दादरहून मुलगी आली. म्हणाली, "पप्पा, उद्या गाठोड्यात काय?"

"माझं सगळं देऊन झालं. आता अंगावरचं काढून देऊ?"

"आणि मम्मीचं कपाट?"

तिने जाऊन ते उघडलं. साड्या ठासून भरलेल्या.

"दोन शर्टांचं कौतुक सांगता लोकांना. आणि हे काय? दीड वर्षात कोणी हात लावलाय?"

"तिच्या आहेत त्या."

"मम्मी कुठंय, पप्पा?"

मी तिला शिवी दिली. ती रडली नाही. माझ्यावरच गेलीय. सरळ उठून चहा ठेवायला गेली.

कपाट उघडंच होतं. समोर बसून बघत राहिलो. शर्ट दिले त्यात मी काहीच दिलं नव्हतं. मला ते नकोच होते. ती गेल्यापासून डाळीत मीठ पडलंय की नाही तेही कळत नव्हतं, तिथे शर्टाचं काय? नको होतं ते टाकलं आणि त्याला प्रभूचं नाव लावलं. ह्या साड्या मात्र मला हव्या होत्या.

तरी लबाडी केलीच. तळाची एक सुती साडी ओढून काढली, काठाला विरलेली. मुलगी चहा घेऊन आली, साडीकडे बघितलं, म्हणाली, "हिने लादी पुसा."

मग निळी काढली. नाताळला नेसायची ती. मुलगी म्हणाली, "हीच असं नाही, पप्पा. दुसरी कुठली चालेल." मी म्हटलं, आता गप्प बस.

रविवारी पिशवीत घालून स्वतः नेली. गाठोड्यापाशी बसणाऱ्या बाईंनी ती उलगडली आणि ओळखली. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काका, ही तर..."

"एका टोकाला फॉल सुटलाय," मी म्हटलं. "टाका घालून द्या." आणि आत जाऊन बसलो.