मनोऱ्याखाली बसलेला माणूस

"खाली कोन हाय का रं?"

एकदा हाक द्यायची. थांबायचं. पुन्हा द्यायची. तरीही खात्री पटली नाही तर कुऱ्हाड खाली टाकून झाडाभोवती स्वतः फिरून यायचं. हे सगळं होईपर्यंत कंत्राटदाराचा मुकादम कपाळाला हात लावून बसलेला असे. साग पाडण्यापूर्वी सगळेच लाकूडतोडे हाक देतात, पण आमचे दादा परसातल्या आंब्याची फांदी हलवतानाही देत, आणि ओट्यावरून चूळ टाकतानाही देत.

मी तेव्हा कर्जतला लाकडाच्या वखारीत कारकून होतो. दादा चौक गावाजवळच्या एका वाडीतले. वखारीत लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पूर्वी जंगल सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापून ते तुरुंगात जाऊन आले होते. पोलिसांचा मार त्यांनी हात न उचलता खाल्ला, असं लोक कौतुकाने सांगत. दादांना विचारलं तर म्हणायचे, "आपल्याच रानातलं गवत कापलं. त्यात काय मोटं?" आणि विडी शोधायला लागायचे. विडी त्यांच्या कानावरच असे.

बेचाळीस साली आमच्यातल्या काही जणांनी ठरवलं की भिवपुरीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारी वीज तोडायची, त्यासाठी डोंगरातले तारांचे मनोरे पाडायचे. आमचा म्होरक्या एक तरुण शाळामास्तर होता. आम्ही चार बुकं शिकलेले, म्हणून पाडण्याआधी चर्चाच फार. लोखंड कापणं ही हिंसा होते की नाही? या प्रश्नावर आम्ही इतका चहा प्यायलो की मास्तरांच्या घरी साखर उरली नाही. शेवटी दादांना विचारलं. उंच वस्तू पाडणारा माणूस आम्हाला हवाच होता.

"लोखंडाला जीव नाय," दादा म्हणाले. "पर त्ये कुनाच्या जिवावर पडतंय, त्ये बगितलं पायजे. आदी मी हाक देनार."

"अहो दादा, चोर घरफोडीला हाका मारत जातो का?" मास्तर वैतागले.

"आपुन चोर हाय का?"

यावर मास्तरांना हसू आलं आणि अट मान्य झाली. पहिला मनोरा पाडला तेव्हा दादांनी खरोखरच हाक दिली. उत्तर आलं नाही तरी झुडपांतून एक फेरी मारून आले. मग करवतीला हात घातला. मनोरा कलला, क्षणभर अडला आणि दरीकडे गेला. दादा लहान मुलासारखे हसले. "लई ऐटीत गेला बग!" म्हणाले. म्हणजे हा माणूस कोणी साधुपुरुष होता असं समजू नका. पाडण्यात त्यांना मजा येत होती, मलाही येत होती.

पुढे मजा राहिली नाही. सरकारने आसपासच्या गावांतली माणसं धरून मनोऱ्यांखाली राखणीला बसवली. आपलीच माणसं, हातात काठी आणि अंगावर घोंगडी. मनोरा पडला की राखणदार तुरुंगात, असा हुकूम. त्याच सुमाराला आमच्याकडे एका शिकाऱ्याची बंदूक आली. बंदूक आल्यापासून आमची पोरं चालायलाच वेगळी लागली. तुमच्या पाहण्यातही असे लोक असतील, ज्यांच्या हातात काही आलं की त्यांची मान आधी बदलते.

एका पहाटे आम्ही भिवपुरीच्या वरच्या अंगाला गेलो. दादांनी हाक दिली. मनोऱ्याखालून उत्तर आलं, "मी हाय. राखनदार."

विशीतला पोरगा होता. दादा त्याच्याजवळ गेले. "पोरा, घटकाभर लांब हो. आमी आमचं काम करून जातो."

"मी नाय उटायचा. ह्यो पडला की मला नेतील. घरात आंधळी आय हाय, तिला कोन बगंल?"

मास्तरांनी बंदूक रोखली. त्यांनी गोळी झाडली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. पोरगा उठेना.

दादांनी हातातली करवत खाली ठेवली आणि ते त्या पोराच्या शेजारी जाऊन बसले. "सरक रं जरा," म्हणाले. त्याने घोंगडीवर जागा करून दिली. मग दादा मास्तरांकडे बघून म्हणाले, "आता पाडा."

"दादा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"जो खाली बसलाय त्याच्या."

हे काही त्यांनी तोऱ्यात म्हटलं नाही. फार दमलेल्या माणसासारखं म्हटलं. सरकारापुढे असं बसलेलं आम्ही पाहिलं होतं. आपलाच माणूस आपल्यापुढे बसला, तर काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. उजाडायला लागलं तेव्हा आम्ही परत फिरलो.

हा मनोरा राहिला, म्हणून दुसरा धरायचं ठरलं, डोंगराच्या पलीकडचा. दादांना कोणी बोलावलं नाही. त्या वाटेवर पोलीस दबा धरून बसले होते. त्यांच्या गोळीने आमच्यातला गवळ्याचा पोरगा गेला. धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं त्याला.

त्या दिवशी दादा उठले असते तर गवळ्याचा पोरगा वाचला असता, असं सगळे म्हणू लागले. तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण दादांना ते कळलंच. एक दिवस ते वखारीत आले आणि लाकडांच्या ढिगाला टेकून उभे राहिले.

"मुन्शी, त्या पोराला मी मारला का रं?"

"नाही दादा."

"तू म्हनतोस." मग म्हणाले, "बंदूक उचलून मारलं असतं तर कळलं तरी असतं, मी मारला म्हनून. ह्ये कळतच नाय."

मला फार वाईट वाटलं.

पोलिसांनी त्यांना संशयावरून पकडून त्या राखणदारापुढे उभं केलं. त्याने सांगितलं, मी ह्या माणसाला कधी बघितलं नाय. त्याबद्दल त्याने भरपूर मार खाल्ला. दादांना मात्र पोलिसांनी खटल्याशिवाय आत टाकलंच. सुटून आले ते खोकला घेऊन. कुऱ्हाड पुन्हा धरवली नाही.

स्वराज्य आलं. कर्जतला झेंडा लागला, त्या दिवशी दादा गर्दीच्या मागे उभे होते. चरखेवाल्यांच्या लेखी ते घातपाती होते आणि बंदूकवाल्यांच्या लेखी कच खाल्लेले. मी त्यांना पुढे चला म्हटलं. "हितूनबी दिसतोय की," ते म्हणाले.

दोन वर्षांनी ते गेले. निरोप मिळाल्यावर दोन्हीकडची माणसं वाडीत आली आणि वेगवेगळ्या झाडांखाली उभी राहिली. तिरडीवर झेंडा घालायचा की नाही, यावर बोलणं सुरू झालं. मास्तर म्हणाले घालावा, कोणी म्हणालं कोणत्या हक्काने. गवळी आला नव्हता. त्याला कोणी दोष दिला नाही.

अग्नी कोण देणार, हा प्रश्न तसाच पडून होता. भाऊबंदांतला एक जण खोपोलीहून यायचा होता, तो आलाच नाही. तेवढ्यात गर्दीतून एक धिप्पाड माणूस पुढे झाला. त्याने डोकं मुंडवून घेतलेलं होतं. मला ओळखू यायला वेळ लागला. भिवपुरीहून तो पहाटेच चालत निघाला होता.

"तुम्ही यांचे कोण?" भटजींनी विचारलं.

राखणदाराने विस्तवाचं मडकं उचललं आणि तो चालायला लागला. वाद तिथेच टाकून आम्ही सगळे तिरडी घेऊन त्याच्या मागून निघालो.