ग्लोरियाताईंची विहीर

फायर अलार्म वाजला की आमच्या टॉवरमधली माणसं पासपोर्ट घेऊन खाली धावतात. ग्लोरियाताई गिटार घेऊन उतरल्या होत्या.

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. शनिवारची सकाळ होती. कुणाच्या तरी किचनमधल्या धुरानं अलार्म सुरू झाला आणि सगळी इमारत तळ्याकाठच्या फरशीवर येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणाच्या काखेत मूल, कुणाच्या छातीशी कागदपत्रांची पिशवी. त्या गर्दीत फुलाफुलांचा गाऊन घातलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई पाठीवर गिटारची काळी केस अडकवून शांतपणे सावली शोधत होत्या. माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण सरळ मराठीतच म्हणाल्या, "नाशिकची का गं तू? मी वसईची. ग्लोरिया."

मी गिटारकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "पासपोर्ट नवा मिळतो," त्या म्हणाल्या. "हिचा आवाज मुरायला वीस वर्षं लागली. ती कुठून आणू?"

मग केस उघडून त्यांनी गायला सुरुवात केली. गाणं इंग्रजी होतं, चाल अगदी साधी. कुणीतरी ओट्यावर बसून गोष्ट सांगावी तशी. आमच्याच इमारतीच्या लिफ्टवरचं होतं ते. तिच्यात भेटणारे, एकमेकांची नावं माहीत नसलेले, पण कोण कधी रडून आलंय हे ओळखणारे शेजारी. रडणारी पोरं गप्प झाली. अलार्म थांबल्यावरही बरीच माणसं वर जायला तयार नव्हती.

हे संगीत कंट्री म्युझिक आहे, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं आहे, एवढीच माझी तेव्हा समजूत होती. "पण त्यात शेत असतं, आई असते, सोडून आलेलं घर असतं. मग ते वसईचं नाही तर कुणाचं?" असं ताईंचं म्हणणं. लहानपणी त्यांच्या वडिलांकडे अशा गाण्यांच्या कॅसेट होत्या. वाडीत केळीला पाणी सोडताना ते ती गाणी शब्द न कळता म्हणायचे. ताई नोकरीसाठी इथे आल्या, मरीनातल्या एका हॉटेलात रिझर्वेशनला लागल्या, लग्न राहूनच गेलं आणि हळूहळू स्वतःची गाणी लिहू लागल्या. कुठली कंपनी नाही, कुणी मॅनेजर नाही. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तळ्याकाठच्या एका कॅफेत अशीच आणखी चार-पाच माणसं जमत. फिलिपिन्समधल्या सेबूची मारीसेल होती, शाळेत शिकवणारा एक आयरिश गृहस्थ होता, कोट्टयमचा एक इंजिनिअर होता. आपापली गाणी एकमेकांना ऐकवायची, बस्स. मी चहाला म्हणून गेले आणि त्यांच्यातलीच झाले. गाणारी नव्हे, ऐकणारी. "आम्हाला तीच कमी आहे," ताई म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. ज्याच्यावर गाणं लिहायचं, त्याला आधी ऐकवायचं. तो हो म्हणाला तरच ते चारचौघांत गायचं. आमच्या इमारतीचा नेपाळी वॉचमन भीम याच्यावर त्यांनी एक गाणं केलं होतं. त्याची ड्युटी संपल्यावर त्याला कॅफेत बसवून, चहा देऊन, प्रत्येक ओळीचा हिंदीत अर्थ सांगत त्यांनी ते ऐकवलं. भीम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाकी सब ठीक है मॅडम. वो बाथरूम में रोनेवाला निकाल दो." सगळ्या गाण्यात तेच कडवं जिवंत होतं. ताईंनी तिथल्या तिथे ते काढून टाकलं.

"गाणं लंगडं झालं हो," मी नंतर म्हटलं.

"होऊ दे. तो माणूस रोज मला दार उघडून देतो. खोटं गायलं की घसा धरतो, पोरी, आणि चोरून गायलं की झोप जाते."

पण त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं होतं विहिरीचं. कडवी इंग्रजी, धृपद मराठी. आईच्या मातीला वसईला गेलेली मुलगी वाडीत येते आणि बघते तर विहीर नाही. रहाट नाही, पायऱ्या नाहीत, वर सिमेंटचा कोबा आणि त्यावर धाकट्या भावाची गाडी. मग धृपद यायचं:

विहीर कुठं गेली, इनास,
विहीर कुठं गेली?

इनास हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्या दिवशी दोघांचं जे भांडण झालं, त्यानंतर नाताळच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं उरलं नव्हतं. हे गाणं सुरू झालं की सगळं कॅफे धृपदात सामील व्हायचं. मारीसेल डोळे मिटून 'इनास' म्हणायची, तो आयरिश मास्तर म्हणायचा, टेबलं पुसणारा वेटरसुद्धा म्हणायचा. वसईच्या एका माणसाला कितीतरी देशांची माणसं जाब विचारत होती आणि मीही त्या सुरात सूर मिळवत होते. नियमाप्रमाणे ते आधी इनासला ऐकवलंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

एका शनिवारी तिथे डेल नावाचा अमेरिकन आला. स्वतंत्र गायकांची गाणी काढणारी त्याची छोटीशी कंपनी होती. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघून तो विहिरीच्या गाण्यासाठीच वाकडी वाट करून आला होता. ऐकून झाल्यावर तो खुर्ची ओढून ताईंसमोर बसला. मग म्हणाला, हे गाणं मला हवंय, बाकीची गाणी याच्याभोवती लावू, तुमचा अख्खा अल्बम करू.  इतक्या वर्षांत ताईंना असं कुणी विचारलं नव्हतं. निघता निघता त्यानं सहज विचारलं, "हा भाऊ खराखुरा आहे का? त्याची काही हरकत नाही ना?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "विचारते," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. "तू नुसती बाजूला बस," म्हणाल्या आणि डायनिंग टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला.

"बाय? सगळं ठीक ना?" इनासचा आवाज घाबरलेला होता. नाताळ नसताना फोन म्हणजे वाईट बातमी, असंच त्याला वाटलं असणार.

"ठीक. तुला एक गाणं ऐकवायचंय. तुझ्यावर आहे."

"विहिरीचं ना?" तो म्हणाला. "ऐकलंय मी. आपल्या बेनीच्या पोरीनं व्हिडिओ पाठवला होता मागे."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? गाणं चांगलं आहे."

 ताई टेबलावरच्या मॅटच्या कडा सरळ करत राहिल्या. मग इनासच बोलू लागला, सावकाश, मधे मधे थांबत. विहिरीचं पाणी बिघडलं होतं. आजूबाजूचे टँकरवाले जमिनीतलं पाणी उपसत गेले आणि समुद्र आत आला. आधी पानवेली गेल्या, मग केळी. आई रोज सकाळी कळशीभर पाणी काढायची, एक घोट तोंडात घेऊन थुंकायची आणि कळशी ओतून द्यायची. औषधाला चुकायची, पण याला नाही. "शेवटी मला म्हणाली, बुजव रे ती. माझ्यानं बघवत नाही. मी बुजवली. ती पायरीवर बसून होती तोवर."

"मला का नाही कळवलं?"

"तिनंच सांगितलं, ग्लोरियाला बोलू नको. ती नोकरी सोडून येईल."

"अरे, पण मी आले तेव्हा तरी? मी तुला काय काय बोलले इनास."

"तू आईच्या मातीला आली होतीस, बाय. तेव्हा तिचं नाव कसं पुढे करू?"

 ताई म्हणाल्या, "ठेवते," आणि फोन ठेवला. मग उठून सिंकपाशी गेल्या, तोंडावर पाणी मारलं आणि तशाच ओल्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या. "एवढी माणसं, स्वाती. मी एवढ्या माणसांकडून त्याला जाब विचारून घेतला."

दोन महिने त्या कॅफेत आल्याच नाहीत. आल्या तेव्हा विहिरीचं गाणं बदललेलं होतं. शेवटच्या कडव्यात पायरीवर बसलेली आई होती आणि धृपद झालं होतं:

पाणी खारट झालं, इनास,
मला कळलं नाही.

मारीसेल रडली. डेलला मात्र ते पसंत पडलं नाही. फोनवर तो सभ्यपणे, पण स्वच्छ बोलला: नव्या गाण्यात राग नाही, आणि लोक रागासाठीच ते ऐकत होते. जुनंच रेकॉर्ड करू.

"राग होता," ताई म्हणाल्या, "पण तो चुकीच्या माणसावर होता."

मी त्यांच्याशी वाद घातला. नाव बदला म्हटलं, इनासच्या जागी दुसरं काही घाला, कुणाला कळणार आहे? अशी संधी पुन्हा येणार नाही.

"सूर तोच राहणार ना? तो सूर लावताना मी मनात कुणाकडे बघू?" त्यांनी विचारलं.  "जाऊ दे. खलास."

खलास म्हणणं सोपं होतं. त्या दिवशी दुपारभर त्या गिटारच्या तारा उतरवून लाकूड पुसत बसल्या होत्या. मी भरून नेलेला डबा संध्याकाळी तसाच परत आला. अल्बम झाला नाही. ते त्यांना लागलं, आणि लागलं नाही असं त्या कधी म्हणाल्याही नाहीत.

त्या हिवाळ्यात इनास व्हिजिट व्हिसावर आला. बहिणीहून उंच, रापलेला, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा माणूस. आम्ही त्याला घेऊन रास अल खैमाला गेलो. तिथे सिरॅमिकच्या कारखान्यात काम करणाऱ्या, वसईच्याच एका कुटुंबाच्या अंगणात गाणारी मंडळी जमणार होती. समोर डोंगर, उतरतं ऊन, जमिनीवर चटया. इनास सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून बसला. ताई नवं गाणं गायल्या. लोकांनी धृपद उचललं. आपलं नाव इतक्या तोंडांतून ऐकताना तो खाली बघत वाळूत बोट फिरवत होता.

गाणं संपलं आणि कुणी काही बोलायच्या आत त्याचा आवाज आला. "बाय, खारट नाही."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. त्याचे कान लाल झाले. "मचूळ," तो म्हणाला. "आई मचूळ म्हणायची. खारट नव्हतं म्हणायची, घोटापुरतं गोड होतं अजून."

ताईंनी तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवला. "यल्ला, चला," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "पुन्हा." त्या आयरिश मास्तरांना काही 'मचूळ' म्हणता येईना. इनास पुढे सरकून त्यांच्याशेजारी बसला आणि आपल्या आईचा शब्द त्यांना शिकवू लागला.

परतताना दोघं भावंडं मागच्या सीटवर आपल्या कादोडी बोलीत बोलत होती. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळत होतं. कुठलं तरी फणसाचं झाड, वडिलांची सायकल, आईचं कुणाशी तरी झालेलं भांडण. एकजण सांगायचं, दुसरं म्हणायचं तसं नव्हतं ते, आणि मग दोघंही हसायची.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत ग्लोरियाताईंनी नोकरी सोडली आणि त्या कायमच्या वसईला निघाल्या. मी विमानतळावर सोडायला गेले होते. ट्रॉलीवर दोन बॅगा, खांद्यावर गिटार. तिथे जाऊन काय करणार, असं मी विचारलं. वाटलं, गाणी लिहीन म्हणतील.

"आधी इनासला विचारत बसणार," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे असं वाटतं, ते सगळं."